विश्लेषण : हरणासाठी कोणते काडतूस योग्य? रायफल, नेम आणि कायद्याची चौकट

नंदुरबार–दोंडाईचा पट्ट्यातील रनाळे परिसरासारख्या सपाट, उघड्या शिवारात पीक डोलू लागले की रात्रीची राखण सुरू होते. रानडुकरे आणि रोही एका रात्रीत उभ्या पिकाचे मातेरे करतात, ही तक्रार खानदेशात नवी नाही. राखणीच्या वेळी, चहाच्या टपरीवर किंवा मोबाइलवरचे परदेशी शिकारीचे व्हिडीओ पाहताना एक प्रश्न हमखास निघतो : हरणासाठी नेमके कोणते काडतूस चालते? पॉइंट २२ पुरते का? बारा बोअरने काम होते का? की पॉइंट ३१५ च हवी?

या प्रश्नाला तांत्रिक उत्तर आहे आणि ते जगभर बरेच ठरून गेलेले आहे. मात्र महाराष्ट्रात त्याआधी कायद्याचे उत्तर येते. ही दोन्ही उत्तरे एकत्र समजून घेतली नाहीत, तर जनावर अर्धमेले होऊन रानात पळते, शेजाऱ्याच्या शेतातील माणसाला गोळी लागते किंवा राखणीला गेलेला शेतकरी तुरुंगात जातो.

आधी हे स्पष्ट हवे, ‘हरीण’ म्हणजे कोण?

बोलीभाषेत आपण चितळापासून काळविटापर्यंत सगळ्यांना हरीण म्हणतो. प्राणिशास्त्रात त्यांची दोन वेगळी कुळे आहेत. चितळ, सांबर आणि भेकर हे सारंग कुळातले. त्यांच्या नरांची शिंगे भरीव असतात, गळून पडतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा, चौसिंगा आणि रोही म्हणजेच नीलगाय हे कुरंग गटातले. त्यांची शिंगे आतून पोकळ असतात आणि आयुष्यभर टिकतात. नावात ‘गाय’ असली तरी नीलगाय गाईच्या जातीची नव्हे, ती आपल्याकडची सर्वात मोठी कुरंग आहे.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. चिंकारा साधारण २० ते २५ किलोचा, काळवीट ३० ते ४५ किलोचा, चितळाचा नर ७० ते ९० किलोचा असतो. सांबराचा किंवा रोहीचा पूर्ण वाढलेला नर २०० किलोंच्या पुढे जातो. म्हणजे ‘हरणासाठी काडतूस’ या एकाच प्रश्नात दहापट वजनाचा फरक दडलेला आहे. चिंकाऱ्याला पुरेसे ठरणारे काडतूस रोहीला केवळ जखमी करील. कायद्यातही प्रत्येक प्राण्याची जागा वेगळी आहे.

महाराष्ट्रात हरणाची शिकार करता येते का?

नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९५१ चा वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण कायदा होता आणि त्या काळात परवाना काढून शिकार होत असे. १९७२ मध्ये देशभरासाठी वन्यजीव (संरक्षण) कायदा आला. त्याच्या मूळ रूपातही काही प्राण्यांसाठी परवान्याने शिकारीची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली आणि हौसेच्या शिकारीचे दार बंद झाले. त्यामुळे ‘शिकारीचा परवाना’ अशी गोष्ट आज अस्तित्वात नाही. घरात बंदुकीचा परवाना आहे म्हणजे शिकारीची मुभा आहे, हा समज चुकीचा आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना शस्त्र कायद्याखाली मिळतो, तर वन्यप्राण्यावर ती चालवण्याचा प्रश्न वन्यजीव कायद्याखाली येतो.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर प्राण्यांच्या अनुसूची दोन झाल्या. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांची शिकार केल्यास किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. चितळ, रोही आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. परवानगीशिवाय त्यांना मारल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुन्ह्यात वापरलेली बंदूक आणि वाहन जप्त होते, ते वेगळेच.

मग काडतुसाचा प्रश्न उरतो कुठे?

कायद्याच्या कलम ११ मध्ये एक अरुंद वाट आहे. दुसऱ्या अनुसूचीतील प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आणि सकारण आदेशाने त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. मालमत्तेत उभे पीकही येते. परवानगी ठरावीक प्राण्यापुरती किंवा कळपापुरती आणि ठरावीक क्षेत्रापुरती असते. महाराष्ट्रात रोही आणि रानडुक्कर यांच्यासाठी वन विभागाने अशी पद्धत आखलेली आहे. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करायचा असतो.

पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांना ही वाटही नाही. काळविटांच्या कळपाने अख्खे रान फस्त केले तरी पिकाचे नुकसान हे त्याला मारण्याचे कारण ठरू शकत नाही. प्राणी माणसाच्या जिवावर उठला असेल किंवा बरा न होण्याइतका जायबंदी वा आजारी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक तसा आदेश देऊ शकतात.

परवानगीने मारलेल्या जनावरावरही मालकी सरकारची असते. त्याचे मांस खाणे किंवा शिंगे घरी लावणे हा गुन्हाच. म्हणून याला शिकार म्हणण्यापेक्षा नियंत्रण म्हणणे अधिक बरोबर. २०१६ मध्ये बिहारमधील मोकामा भागात दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या गेल्या, तेव्हा देशभर वाद पेटला होता. केंद्र सरकारने त्या राज्यातील ठरावीक जिल्ह्यांपुरते नीलगायीला तात्पुरते ‘उपद्रवी प्राणी’ घोषित केले होते. ती सूट महाराष्ट्राला लागू नव्हती.

दुसरीकडे, आपलेच चितळ परदेशात कायदेशीर शिकारीचा प्राणी झाले आहे. १९ व्या शतकात ते हवाई बेटांवर आणि ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये नेले गेले. अमेरिकेतील टेक्सासमध्येही चितळ, काळवीट आणि नीलगाय मोकळ्या रानात वाढले. तेथे ते बाहेरून आलेले प्राणी असून वनस्पतींची नासाडी करतात, म्हणून त्यांना मारण्याची मुभा आहे. काडतुसांची बरीच चर्चा आणि व्हिडीओ अशा देशांतून येतात. ते पाहणाऱ्याने हा संदर्भ लक्षात ठेवायला हवा.

काडतूस म्हणजे नेमके काय?

बोलताना आपण सगळ्यालाच ‘गोळी’ म्हणतो. प्रत्यक्षात काडतुसाचे चार भाग असतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी असलेली टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. घोडा ओढला की टोपीवर आघात होतो, ठिणगी दारूला लागते आणि वायूच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर पडते. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्या गोळीला स्वतःभोवती फिरवतात, म्हणून ती सरळ जाते. बारा बोअरच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते आणि तिच्यातून बहुधा छर्रे सुटतात.

काडतुसाच्या नावातील आकडे गोंधळात टाकतात. पॉइंट ३०८ म्हणजे ०.३०८ इंच, साधारण ७.८ मिलिमीटर व्यासाची गोळी. ‘थर्टी-ओ-सिक्स’ मधले ३० हे ०.३० इंच आणि ०६ म्हणजे १९०६, ते काडतूस अमेरिकी लष्कराने स्वीकारले ते वर्ष. ७ बाय ५७ म्हणजे ७ मिलिमीटरची गोळी आणि ५७ मिलिमीटर लांबीची पुंगळी. केवळ गोळीच्या जाडीवरून काडतुसाचा जोर कळत नाही. पॉइंट २२ चे छोटे काडतूस आणि लष्करी रायफलमधले ५.५६ मिलिमीटरचे काडतूस यांच्या गोळ्या जवळपास सारख्याच जाडीच्या असतात, पण दुसऱ्याचा जोर पहिल्याच्या दहापटींहून अधिक असतो.

योग्य काडतूस कशावरून ठरते?

सगळ्या देशांतील नियमांच्या मुळाशी एकच कसोटी आहे : जनावर काही सेकंदांत मेले पाहिजे. त्यासाठी गोळी छातीच्या पोकळीत, हृदय आणि फुप्फुसांच्या भागात पोहोचून तेथे पुरेशी इजा करायला हवी. चितळाएवढ्या जनावरात हा भाग साधारण मोठ्या ताटलीएवढा असतो. तेथपर्यंत गोळी नेण्यासाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात.

पहिली गोष्ट ऊर्जा. ती गोळीचे वजन आणि वेग यांवरून ठरते आणि ज्यूलमध्ये मोजतात. पॉइंट २२ च्या नेहमीच्या काडतुसाची २.६ ग्रॅमची गोळी नळीतून निघताना दीडशे ज्यूलच्या आसपास ऊर्जा घेऊन निघते. पॉइंट २४३ ची साडेसहा ग्रॅमची गोळी सुमारे २,६०० ज्यूल, पॉइंट ३०८ ची पावणेदहा ग्रॅमची गोळी साडेतीन हजार, तर थर्टी-ओ-सिक्सची पावणेबारा ग्रॅमची गोळी ३,९०० ज्यूलच्या घरात असते. पॉइंट २२ आणि पॉइंट ३०८ मधली दरी वीसपटींहून मोठी आहे. पॉइंट २२ ने हरीण मरतच नाही असे नाही, पण बहुतेकदा ते तिथे मरत नाही. चार शेते ओलांडून, दोन दिवसांनी, झुडपात मरते.

दुसरी गोष्ट गोळीची घडण. लष्करी गोळी पूर्णपणे कठीण धातूच्या कवचात असते. ती शरीरातून बारीक भोक पाडून आरपार जाते आणि उरलेल्या वेगाने मागे जे असेल त्याला लागते. शिकारीच्या गोळीचे टोक मऊ किंवा पोकळ असते. शरीरात शिरताच ती फुलते, रुंद जखम करते आणि आपली ऊर्जा तिथेच खर्च करते. म्हणून बऱ्याच देशांत हरणासाठी फुलणारी गोळीच बंधनकारक आहे. काडतूस योग्य पण गोळी चुकीची, अशी गफलत अनुभवी माणसांकडूनही होते. हलकी, लगेच फुटणारी गोळी मोठ्या जनावराच्या खांद्याच्या हाडावर फुटून जाते, आत पोहोचतच नाही.

तिसरी गोष्ट अंतर. गोळी सरळ रेषेत जात नाही, ती सतत खाली येत असते. १०० मीटरवर नेम बसवलेल्या पॉइंट ३०८ ची गोळी २०० मीटरवर साधारण १२ सेंटिमीटर खाली लागते, तर ३०० मीटरवर अर्ध्या मीटरच्या आसपास खाली. जड आणि मंद गोळी याहून लवकर खाली येते. काडतूस कितीही ताकदीचे असले तरी ज्या अंतरावर माणूस प्रत्येक वेळी ताटलीएवढ्या जागेत गोळी बसवू शकतो, तेच त्याचे अंतर.

चौथी गोष्ट धक्का. जोरदार काडतूस खांद्यावर तितकाच जोराचा धक्का देते. दोन-चार गोळ्यांनंतर माणूस नकळत घोडा ओढण्याआधीच दचकू लागतो आणि नेम चुकतो. म्हणूनच तज्ज्ञांचा सल्ला असतो की, ज्याचा धक्का सहज सोसतो असे पुरेशा ताकदीचे काडतूस निवडावे. मोठ्या काडतुसाचा चुकलेला नेम मध्यम काडतुसाच्या अचूक नेमापेक्षा नेहमीच वाईट.

या चारही गोष्टींचे जुने भारतीय उदाहरण म्हणजे जिम कॉर्बेट. त्यांची आवडती हलकी रायफल पॉइंट २७५ रिग्बी होती. तिचे काडतूस म्हणजे ७ बाय ५७ माउझरच, फक्त इंग्रजी नावाने. आजच्या मोजमापाने ते मध्यम ताकदीचे. तरी कुमाऊँच्या नरभक्षकांच्या मागावर ते ही रायफल वापरत, कारण तिचा त्यांना सराव होता आणि गोळी कुठे बसणार याची खात्री होती.

इतर देशांनी किमान मर्यादा कशी ठरवली?

जिथे हरणाची शिकार कायदेशीर आहे, तिथे काडतूस शिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. इंग्लंडमध्ये हरणांसाठी किमान ०.२४० इंच बोअर, नळीच्या तोंडाशी १,७०० फूट-पाउंड म्हणजे सुमारे २,३०० ज्यूल ऊर्जा आणि मऊ किंवा पोकळ टोकाची गोळी लागते. आपल्या भेकराचा चिनी भाऊबंद तिथे पसरला आहे. त्या छोट्या हरणासाठी ०.२२० इंच आणि १,००० फूट-पाउंड इतकी सवलत आहे. मात्र ही ऊर्जा पॉइंट २२ च्या साध्या काडतुसातून मिळत नाही, त्यामुळे ते तिथेही बादच.

जर्मनीत नियम लक्ष्याच्या बाजूने मोजतात. आपल्या चिंकाऱ्याएवढ्या छोट्या हरणासाठी १०० मीटरवर किमान १,००० ज्यूल, तर त्याहून मोठ्या हरणांसाठी आणि रानडुकरासाठी किमान ६.५ मिलिमीटर बोअर आणि १०० मीटरवर २,००० ज्यूल. डेन्मार्क आणि फिनलंडमध्ये रायफलने मोठी शिकार करण्याआधी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते.

या मापाने पाहिले तर उत्तर सोपे होते. चिंकारा, काळवीट किंवा चितळाएवढ्या जनावराला जिथे परवानगी आहे तिथे पॉइंट २४३, ७ बाय ५७ आणि पॉइंट ३०८ यांतले कोणतेही काडतूस पुरते. सांबर किंवा रोहीएवढ्या जनावराला पॉइंट ३०८ किंवा थर्टी-ओ-सिक्स, तेही खोलवर जाणाऱ्या जड गोळीसह, ही खालची पायरी मानली जाते. टेक्सासमध्ये नीलगायीसाठी त्याहून ताकदीची मॅग्नम काडतुसे वापरण्याची पद्धत आहे, कारण तिची कातडी जाड, खांदा भक्कम आणि जखमी झाल्यावर पळण्याची ताकद मोठी.

भारतात हाती काय येते?

इथे निवडीला फार वाव नाही. इंग्रजी राजवटीत लष्करी बंदुकीत चालणारी काडतुसे नागरिकांच्या हाती पडू नयेत, असे धोरण होते. त्यामुळे शिकारी आणि बंदूक बनवणाऱ्या कंपन्या लष्करात नसलेल्या बोअरकडे वळल्या. त्यातून भारतात रुजलेले काडतूस म्हणजे पॉइंट ३१५. ते मुळात ऑस्ट्रियाच्या लष्करातील ८ बाय ५० मॅनलिखर या काडतुसावर बेतलेले आहे, म्हणून बोलीत त्याला ‘आठ एमएम’ असेही म्हणतात. हेच नाव घात करू शकते. जर्मन ८ एमएम माउझरचे काडतूस वेगळे आहे. एकाच्या रायफलमध्ये दुसऱ्याचे काडतूस घालण्याचा प्रयत्न जीवघेणा ठरू शकतो.

प्रतिबंधित आणि अप्रतिबंधित बोअर हा भेद आजही कायम आहे. पॉइंट ३०३ प्रतिबंधित असून ३१५ आणि थर्टी-ओ-सिक्स परवान्यावर मिळू शकतात. या रायफली पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात बनतात. ३१५ ची आणि ‘शक्तिमान’ नावाने विकली जाणारी बारा बोअरची काडतुसे पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याची. हा कारखाना १८६९ पासूनचा आहे. खानदेशातही भुसावळजवळ वरणगाव येथे काडतुसांचा कारखाना आहे, पण त्याचे मुख्य काम लष्करी काडतुसांचे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाची सात कंपन्यांत विभागणी झाल्यापासून खडकी आणि वरणगाव दोन्ही ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या पुण्यातील कंपनीकडे आहेत.

३१५ ची गोळी जड असते, २४४ ग्रेन म्हणजे जवळपास १६ ग्रॅम. वेग मात्र आधुनिक काडतुसांच्या मानाने बराच कमी. त्यामुळे शंभर मीटरच्या आत ती रोही किंवा रानडुकरासाठी भरवशाची आहे, पण त्यापुढे झपाट्याने खाली येते. ३०८ चे व्हिडीओ पाहून ३१५ ने अडीचशे मीटरवर नेम धरणारा माणूस एक तर जनावराच्या पायात गोळी घालतो किंवा जमिनीत.

बारा बोअर आणि ठासणीच्या बंदुकीने चालते का?

शेतकऱ्याकडे सहसा रायफल नसतेच. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. ती पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला वाटले तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा, म्हणजे बहुधा बारा बोअरचा, परवाना देता येतो.

सर्वात जास्त जनावरे जखमी होतात ती इथेच. बारीक छर्रे पक्ष्यांसाठी असतात. हरणाच्या किंवा रोहीच्या कातडीखाली ते रुततात, जखमा चिघळतात आणि जनावर आठवडाभर कुजत मरते. एलजी किंवा एसजी या मोठ्या छर्‍यांच्या काडतुसात मोजकेच छर्रे असतात. तीस-पस्तीस मीटरपुढे ते इतके पसरतात की छातीत एखादाच लागतो. रात्री बॅटरीच्या उजेडात अंतर नेहमी कमी वाटते, हे त्यात भर घालते. रोहीएवढ्या जनावरावर, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर छर्रे झाडणे म्हणजे त्याला मारणे नव्हे, त्याला यातना देणे. बार काढून कळप हुसकावणे हा बारा बोअरचा शेतातला खरा उपयोग.

सुटलेली गोळी कुठे जाते?

तापी खोऱ्यातील सपाट शिवारात हा प्रश्न काडतुसाइतकाच महत्त्वाचा आहे. पॉइंट २२ ची गोळी वर तोंड करून सुटली तर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. पॉइंट ३०८ सारख्या काडतुसाची गोळी चार किलोमीटरच्या आसपास. मध्ये डोंगर नाही, टेकडी नाही. तेवढ्या टप्प्यात दुसऱ्या गावाची वस्ती, खळ्यावर झोपलेले सालदार, रात्री पाणी भरायला गेलेला शेजारी, रस्ता आणि सुरत–भुसावळ लोहमार्ग येऊ शकतो. म्हणून जगभरचा पहिला नियम असा की, लक्ष्यामागे मातीचा उतार किंवा बांध दिसत नसेल तर घोड्याला बोट लावायचे नाही. डोक्यावर आकाश दिसणाऱ्या जनावरावर गोळी झाडायची नाही. परवानगी मिळालेल्या ठिकाणीही जाणकार माणसे उंचावरून, मचाणावरून खाली नेम धरतात, म्हणजे चुकलेली गोळी जमिनीत जाते.

आणखी एक धोका कमी बोलला जातो. बहुतेक गोळ्या शिशाच्या असतात. शरीरात फुटल्यावर शिशाचे बारीक कण मांसात आणि आतड्यांत पसरतात. ते मृत जनावर गिधाडांनी किंवा घारींनी खाल्ले की त्यांना विषबाधा होते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. तिथे तांब्याच्या गोळ्या वापरतात.

मग शेतकऱ्याने करायचे काय?

काडतूस हा या प्रश्नातला शेवटचा टप्पा आहे, पहिला नव्हे. नुकसान झाले की पहिल्या दोन-तीन दिवसांतच वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्यावा. नासाडीचे, पायांच्या ठशांचे फोटो तारखेसह काढून ठेवावेत आणि पंचनाम्याआधी शेत साफ करू नये. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीक नुकसानीसाठी राज्य सरकार भरपाई देते आणि कोणत्या प्राण्याने नुकसान केले हे पंचनाम्यात नोंदले जाणे महत्त्वाचे असते. वन विभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे. नुकसान वारंवार होत असेल आणि प्राणी रोही किंवा रानडुक्कर असेल, तर मारण्याच्या परवानगीसाठी वेगळा लेखी अर्ज करता येतो. एकट्याने करण्यापेक्षा आसपासच्या शेतकऱ्यांनी मिळून केलेल्या अर्जात कळपाचा वावर स्पष्ट दिसतो.

परवानगी आली तरी गोळी चालवणारा माणूस परवानाधारक, सरावाचा आणि योग्य रायफल असलेला हवा. घरात आजोबांची जुनी बंदूक आहे, एवढे पुरत नाही. जखमी जनावर शोधून संपवण्याची जबाबदारीही त्याचीच. परदेशात त्यासाठी प्रशिक्षित कुत्री वापरली जातात. आपल्याकडे निदान उजाडल्यावर रक्ताचा माग काढणारे दोघे-तिघे आणि वनरक्षक सोबत हवेत.

कुंपणात थेट वीज सोडणे, फासे लावणे, पिठात गावठी बॉम्ब ठेवणे हे उपाय स्वस्त वाटतात. त्यात जनावर मेले तर तो वन्यजीव गुन्हा, आणि माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा खटला. विजेच्या तारेला चिकटून शेताचा मालक किंवा शेजारीच दगावल्याच्या बातम्या राज्यात दरवर्षी येतात. सौरकुंपणाचा झटका क्षणिक असतो. तो जनावराला मागे हटवतो, मारत नाही.

तेव्हा टपरीवरच्या प्रश्नाचे उत्तर असे : काळवीट, चिंकारा किंवा चितळ यांच्यासाठी महाराष्ट्रात शिकाऱ्याला कोणतेच काडतूस योग्य नाही. रोही किंवा रानडुकरासाठी लेखी परवानगी असेल तर पॉइंट ३१५ किंवा थर्टी-ओ-सिक्स, मऊ टोकाची गोळी, शंभर मीटरच्या आतले अंतर आणि मागे मातीचा बांध. यातली एक जरी गोष्ट नसली, तर त्या रात्री बंदूक खाली ठेवून डबा वाजवणेच बरे.